बंद खाती वगळून

३ मार्च, सोमवार

एखादी गोष्ट कोणाच्याच कामाची नाही, हे नक्की कसं ठरवतात? साहेबांनी आज मीटिंगमध्ये विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.   मग उत्तराची वाट न बघता काम माझ्या नावावर टाकलं.

काम असं — वीज कंपनीचा जुना डेटाबेस बंद होणार, नवा सुरू होणार. जुन्यात वर्षानुवर्षांचा पसारा. टेबलं, टेबलांतली माहिती हवी तशी दाखवणारे व्ह्यू, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या प्रोसिजरी. यातलं कोण कोणावर अवलंबून आहे त्याचा नकाशा काढायचा. एकेका वस्तूचा एकेक चौकोन, मधे बाण. नकाशात येईल ते नव्या घरी जाईल. येणार नाही ते पंधरा तारखेच्या शनिवारी पुसून टाकायचं.

सगळंच घेतलं तर नकाशा म्हणजे जटा झालेलं डोकं. कंगवा कुठून घालायचा तेच कळत नाही. म्हणून आधी फिल्टर. काय घ्यायचं, काय गाळायचं.

साहेबांना आम्ही आपसात चटकन म्हणतो. "चटकन फिल्टर ठरव, चटकन कंपनीची सही घेऊ, म्हणजे चटकन मोकळे." एका वाक्यात तीनदा. शेजारच्या टेबलावरची हसू दाबत खाली वाकली. एरवी मीही वाकले असते.

४ मार्च, मंगळवार

फिल्टर तयार. गाळायच्या गोष्टी — डेटाबेसच्या स्वतःच्या अंतर्गत वस्तू. तात्पुरती टेबलं. जुन्या प्रती. आणि बंद खाती.

शेवटचं कलम साहेबांचं. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच करतात. प्रत्येक वस्तू कुठल्या तरी खात्याच्या, म्हणजे कोणाच्या तरी लॉगिनच्या, मालकीची असते. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं बंद करतात. खातं बंद म्हणजे वापर बंद, म्हणजे गाळा. सॉफ्टवेअर ते स्वतःच बघतं. शेवटचा नकाशा शुक्रवारी, चौदाला, संध्याकाळी सहा वाजता आपोआप निघेल. त्या क्षणी जी खाती बंद असतील ती गळतील. आणि जी गळतील तीच शनिवारी त्यांच्यातल्या सगळ्या सामानासकट पुसली जातील.

नकाशा एकदम नीटनेटका दिसायला लागला. साहेब खूश. "बघ, आता कसं माणसात आलं."

मलाही बरं वाटायला हवं होतं.

५ मार्च, बुधवार

वीज कंपनीने फिल्टरवर सही केली. आता त्यात बदल नाही. सेटिंगला कुलूप.

आई म्हणाली, "जेवताना तरी इथे अस." मी इथेच होते.

६ मार्च, गुरुवार

काल आईला नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहून बघते.

दाताचा डॉक्टर सुई मारतो, त्यानंतर गाल असतो तसं. आपलाच, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा. मास्तर गेल्यापासून असंच आहे. मास्तर म्हणजे आमचे सीनियर. काहीही विचारलं की खुर्चीतून उठून फळ्याशी जायचे, म्हणून मास्तर. सकाळी बसची वाट बघताना छातीत दुखलं आणि तिथेच गेले. मी सगळं केलं. त्यांच्या घरी गेले, त्यांच्या बायकोजवळ बसले, त्यांचा स्वेटर, चष्म्याची पेटी, खणातल्या गोळ्या पिशवीत भरून नेऊन दिल्या. त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात विचार काय, तर पिशवीचा बंद तुटतोय.

मी घरातली पहिली पदवीधर. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करतात, आई कारखान्यात काजं करते. इंटरव्ह्यूला मी म्हणाले होते की माझ्या शिक्षणाचा मला माहीत नसलेल्या लोकांना उपयोग व्हावा. समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. तिसरे मास्तर होते. ते म्हणाले, "होईल. फक्त ते लोक तुला कधी धन्यवाद म्हणणार नाहीत. चालेल?" मी चालेल म्हणाले.

आता हे लिहितानाही काही होत नाही. कोरडं.

७ मार्च, शुक्रवार

आज सकाळच्या नोंदी तपासत होते. कुठल्या खात्याने कुठल्या टेबलात काय बदललं त्याच्या. ग्राहकांच्या टेबलात सकाळी सहाला दोनशेच्या वर ओळी बदलल्यात. ज्या खात्याने बदलल्या त्याचं नाव — मास्तरांचं.

मास्तरांना जाऊन महिना उलटला.

अंगावर काटा वगैरे आला नाही. मागचे दिवस काढून बघितले. रोज सकाळी सहा. कालही, परवाही. ते गेले त्या दिवशीही.

मग समजलं. खातं बंद म्हणजे माणसाला आत येता येत नाही, एवढंच. त्याने लावून ठेवलेली कामं चालूच राहतात. त्यांना दार लागत नाही, ती आधीपासून आतच असतात. मास्तरांची एक छोटी प्रोसिजर आहे. ज्या घरी श्वासाच्या मशीनवरचा रुग्ण आहे अशा घरांच्या ओळीवर ती रोज खूण करते — तोडू नये. साडेसहाला दुसरा प्रोग्रॅम बिल थकलेल्या घरांची वीज तोडायची यादी काढतो आणि खूण असलेली घरं सोडतो. खूण एका दिवसाचीच. उद्या परत करावी लागते.

पंधराच्या शनिवारनंतर ती करणारं कोणी नसेल. आणि यादी अडणार नाही. चूक दाखवणार नाही. खूण दिसली नाही की ती मुकाट्याने सगळी घरं घेईल.

आमच्या नकाशात यातलं काही नाही. चौकोनच गाळला तर त्याचा बाणही गळतो. म्हणून तर इतका नीटनेटका.

८ मार्च, शनिवार

दिवसभर कपडे धुतले. आईचेही धुतले. ती म्हणाली, "पडदे राहिले, तेही घे." तेही घेतले.

९ मार्च, रविवार

आज केलं ते नियमात बसत नाही. कामाची माहिती घेऊन कोणाच्या दारात जायचं नसतं. गेले.

रोज खूण होणाऱ्या घरांतला एक पत्ता आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. दुमजली चाळवजा इमारत, जिन्याखाली सायकली. दार उघडंच. आतून एकसारखा आवाज येत होता, कोणी तरी झोपेत फुंकर मारतंय असा. उंबऱ्यात एक बाई भाजी निवडत बसली होती. मला गळ्यातल्या ओळखपत्रासकट बघून ती ताडकन उठली. ओळखपत्र काढायचं सुचलंच नव्हतं मला.

"वीजवाल्या का तुम्ही?"

"नाही."

"तोडायला आलात का? या महिन्याचं भरते म्हटलंय मी. मागचं राहिलंय, ते मान्य आहे."

"नाही हो, मी त्यातली नाही."

"मग कोणातली?"

मी म्हणाले, पत्ता चुकला. तिने मला पाणी दिलं. ज्याचा पत्ता चुकला त्याला देतात तसं, उभ्याउभ्या. आतून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कोण गं?" ही म्हणाली, "कोणी नाही सासूबाई, रस्ता चुकल्यात." मग मलाच हळू आवाजात, "धसका घेतात त्या. दोनदा माणसं आली होती शिडी घेऊन. शेजारच्यांची तोडली, समोरच्यांची तोडली, आमच्या दारासमोरून गेली. मी विचारलं, तर म्हणे तुमचं नाव यादीत नाही."

"बरं झालं."

"सासूबाई म्हणतात, तिथे कोणी तरी आपल्या गावचा असणार, लक्ष ठेवतोय. मी म्हटलं, आपल्या गावचा असता तर आधी आपलीच तोडली असती."

ती हसली. मीही हसले बहुतेक. भांडं परत दिलं.

१० मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. सगळं, क्रमाने. त्यांनी ऐकून घेतलं, नाही म्हणणार नाही मी.

"लिहून ठेवलं होतं का त्यांनी कुठे?"

"नाही."

"हेच. हेच मी त्यांना जन्मभर सांगत होतो. मास्तर, कागदावर आणा. ते म्हणायचे चालतंय ना? मग चालू दे." डोळे चोळले त्यांनी. घरी तान्हं बाळ आहे, झोप नाही. "आता फिल्टर उघडायचा म्हणजे कंपनीची नवी सही. नवी सही म्हणजे नवी मीटिंग. मागच्या खेपेला फिल्टर न लावता नकाशा नेला होता, माहितीये? सगळ्यांसमोर मला म्हणाले, हा नकाशा आहे की मुंग्यांचं वारूळ."

"फक्त एक खातं घ्यायचंय."

"आज एक. उद्या दुसरा येईल, माझंही एक घ्या. बाई गं, मास्तर गेले. त्यांच्या खात्याला किती दिवस कुरवाळत बसायचं आपण?"

मी म्हणाले, खात्याचं नाही, घरांचं आहे.

"पुढच्या टप्प्यात बघू. नोंद करून ठेव." मग दारापर्यंत गेल्यावर मागून, चांगल्या सुरात, "पुढच्या सोमवारी तुझं कायम केल्याचं पत्र निघतंय. चटकन पार पाड एवढं."

पुढचा टप्पा जूनमध्ये आहे.

११ मार्च, मंगळवार

वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोन केला. एक बाई होत्या, बोलायला मोकळ्या.

"मशीनवाली घरं? ती आम्ही तोडतच नाही."

"कशी सोडता?"

"सोडतो म्हणजे काय, सिस्टीम सोडते. डॉक्टरचा दाखला आला की आम्ही भरतो, पुढचं तिचं ती बघते."

"आणि तिने नाही सोडलं तर?"

"असं कसं नाही सोडणार? इतकी वर्षं सोडतेय." मग, "तुम्ही नवीन आहात का?"

त्यांच्या वरिष्ठांना मेल लिहिली. संध्याकाळी उत्तर आलं — मान्य झालेल्या फिल्टरबाबतचे प्रश्न आपल्या प्रकल्पप्रमुखांमार्फतच पाठवावेत. प्रत साहेबांना.

साहेब टेबलाशी आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मला डावलून वर गेलीस." एवढंच. शेजारच्या टेबलावरची ते गेल्यावर म्हणाली, "आता गप्प बस हं. सोमवारपर्यंत तोंडात गुळणी धरल्यासारखी बस."

१२ मार्च, बुधवार

या आठवड्यात खात्यांची पाळी माझी. पासवर्ड तीनदा चुकला की खातं आपोआप बंद पडतं, मग ते लोक आम्हाला फोन करतात. मीटर वाचणारे एक काका तर रोजचे.

"ताई, परत बंद पडलं."

"काका, कालचाच पासवर्ड होता ना?"

"तोच टाकला. बायकोचं नाव. पण तिचं नाव मी लिहितो तसं मशीनला मान्य नाही."

"लिहून ठेवा कुठे तरी."

"लिहून ठेवलं तर बायको म्हणते, माझं नावसुद्धा लिहून ठेवावं लागतं का."

उघडून दिलं. एक बटण असतं.

चुकून बंद पडलेली खाती आम्ही आमच्या अधिकारात उघडतो. सोडून गेलेल्यांची, वारलेल्यांची नाही. त्याला वरून लेखी परवानगी लागते. गेल्या वर्षी एकाने ओळखीखातर सोडून गेलेल्या मित्राचं खातं उघडलं. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती. कोणी कोणाचं खातं कधी उघडलं, सगळं नावानिशी नोंदलं जातं. पुसता येत नाही.

मास्तर गेले त्या आठवड्यातही पाळी माझीच होती. दुपारी वरून निरोप आला, यांचं खातं बंद करा. मी त्यांच्या नावापुढचं बटण दाबलं. बातमी येऊन तीन-चार तास झाले असतील. मग खाली जाऊन डबा खाल्ला. पूर्ण खाल्ला. हे कोणाला सांगितलेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

बाबांनी गल्लीत सांगून टाकलंय. समोरच्या शिंप्याने मला थांबवून विचारलं, "काय, सोमवारी कायम म्हणे?"

घरी म्हटलं, "बाबा, अजून पत्र हातात नाही."

"नसू दे. माझ्या दुकानात चाळीस वर्षांत एकाही माणसाला पत्र मिळालं नाही. ना नेमलं म्हणून, ना काढलं म्हणून." त्यांच्या बोटांना तेल होतं, माझ्या डोक्यावर ठेवायचा हात त्यांनी मनगटानेच ठेवला. "तुझं मिळेल."

त्यांना विचारलं, एखाद्याने दुरुस्तीला आणलेलं यंत्र तुम्ही जुनं म्हणून मोडीत काढलं, आणि ते कोणाच्या तरी पोटापाण्याचं निघालं तर?

"न विचारता कसं काढेन मी मोडीत?"

"विचारलं. वरचा म्हणाला, काढा."

"वरचा कोण? यंत्र चालवणारा का?"

"नाही."

"मग त्याला कशाला विचारलंस?" आणि आईकडे वळून, "हिच्या ऑफिसात यंत्रंपण आहेत का गं?"

आई म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? ती पांढरीफटक पडलीये ते बघा."

१४ मार्च, शुक्रवार

जेवायच्या सुट्टीत लिहितेय.

सहाला निघणाऱ्या नकाशावर "तपासला, त्रुटी नाही" असं लिहून सातपर्यंत द्यायचंय. खाली माझं नाव. साहेबांनी सकाळपासून दोनदा विचारलं. फिल्टरबद्दल शेवटचं विचारून बघितलं. ते म्हणाले, "सेटिंगला हात लावायचा नाही. लेखी देतोय मी तुला हे." आणि खरंच मेल आली. "फिल्टरमध्ये कोणताही बदल करू नये."

मास्तर म्हणायचे, पुसायला अक्कल लागत नाही, बोट लागतं. आम्ही हसायचो. आठवलं तेव्हा हात बघितले स्वतःचे. थंड होते. पण माझे वाटले, खूप दिवसांनी.

१५ मार्च, शनिवार

फिल्टरमध्ये कोणताही बदल केला नाही.

काल सहाला दहा मिनिटं कमी असताना मास्तरांचं खातं उघडलं. माझ्या नावाने. सहाच्या नकाशात त्यांचा चौकोन आला, बाणासकट. तो तसाच साहेबांना आणि कंपनीला पाठवला, खाली लिहून की खातं मी उघडलंय. आज पुसायच्या यादीत ते नव्हतं. सकाळी सहाला खुणा झाल्या.

उघडताना कारण भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी भरलं — वापरात आहे.